सिक्युअर बूट आणि बुवांचं घोंगडं

“...म्हणजे पहाराच उठवायचा म्हणतोस?” तान्हूबाईंनी विचारलं.

केसोबुवांच्या मठात जुने लॅपटॉप दुरुस्त करून, त्यांत लिनक्स ही फुकट मिळणारी, लॅपटॉप चालवणारी प्रणाली घालून गावोगाव वाटत. ते लिनक्स जुळवलेलं बुवांच्या शिष्याने, निरंजनने. हुशार माणूस, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

तान्हूबाई चौथी शिकलेल्या. एकवीस एकट्या बायांची पेन्शनची कागदं त्यांना लॅपटॉपात ठेवायची होती. आधार, बँकेचे नंबर, सगळं. बायांनी दुसऱ्या कुणाला दिलं नसतं.

पण त्यांनी आणलेला लॅपटॉप लिनक्सला आतच घेईना. सुरू होतानाच तो आत येणाऱ्या प्रोग्रामची सही तपासतो, अनोळखी दिसली की दार लावतो. ह्या पहाऱ्याला सिक्युअर बूट म्हणतात, आणि तो बंद करा, सगळे तेच करतात, असं निरंजन सांगत होता.

“सगळे करतात म्हणून मी माझ्या बायांचं दार उघडं टाकू?”

मग पहारा ठेवून लिनक्स घालायची अकरा पानी माहिती वाचा, निरंजन म्हणाला. शिकल्याशिवाय कसं जमेल, मावशी?

तान्हूबाईंच्या ओठावर शिवी आली. मठ होता म्हणून गिळली.

बुवा ओसरीवर बसून ऐकत होते.

“निरंजना, आज म्हशीची धार तू काढ.”

म्हशीला बुवांशिवाय कुणाचा हात माहीत नव्हता. निरंजन बसला. लाथ बसली, बादली गडगडत गोठ्याबाहेर गेली. पुन्हा बसला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो मागचे पाय बांधायला दोरी घेऊन आला.

“पाय बांधलेस तरी पान्हा नाही सोडायची ती,” तान्हूबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. न विचारता बुवांच्या खांद्यावरचं घोंगडं ओढलं आणि निरंजनच्या अंगावर टाकलं. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा त्यांनीही सासूचं लुगडं नेसूनच पहिली धार काढली होती.

“बस आता.”

म्हशीने घोंगडं हुंगलं...

बादलीत धार वाजू लागली.

“आठ-दहा दिवस असंच बस. तुझा वास तिला कळला की काढ घोंगडं.”

निरंजन म्हशीच्या कुशीला डोकं टेकून बसला होता. बादली भरत आली.

“...सही,” तो शेवटी म्हणाला. “यंत्राला आधीपासून ओळखीची असलेली सही.”

त्याला दोन महिने लागले. आता तशी सही घेतलेला एक छोटा प्रोग्राम पुढे चालतो आणि त्याच्यामागून लिनक्स आत शिरतं. अकरा पानांच्या जागी साध्या मराठीत चार ओळी आल्या. त्यातली पहिली अशी: एक निळा पडदा येईल, घाबरू नका, लॅपटॉप तुमची ओळख विचारतोय.

तान्हूबाईंनी लिनक्स स्वतःच्या हाताने घातलं. पहारा जागच्या जागी राहिला. एकवीस जणींची कागदं आत गेली.

त्या नाचणीचे लाडू घेऊन मठात आल्या. कुणापुढे न वाकणारी बाई बुवांपुढे वाकली. तेवढ्यात निरंजन त्यांच्याच पायाशी वाकला, आणि बाईंना कुठे बघावं कळेना.

घोंगडं अजून निरंजनच्याच खांद्यावर होतं. बुवांचा खांदा उघडा.

“बुवा, तुमचं घोंगडं तेवढं मी न विचारता घेतलं. परत मागा की त्याच्याकडून.”

बुवांनी लाडू मोडला. अर्धा म्हशीला दिला.

“बाई, मी पहिल्यांदा धारेला बसलो ना... तेव्हाही ते माझं नव्हतं.”