जिऊबाईनं हत्तींचं मैदान पेरलं

एक राजा होता आणि त्याला होता एक मेहुणा. सगळा घोळ त्या मेहुण्यानंच केला, बरं का. राजानं त्याला शेतीचा कारभारी नेमलं. का? तर म्हणे राणीचा भाऊ! विळा कुठल्या बाजूनं धरतात, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.

त्याच राज्यात डोंगरउतारावर जिऊबाई राहायची. एकटीच बाई, पण शेत असं की बघत राहावं. एका वावरात नऊ पिकं. नाचणी, वरई, राळा, तूर, उडीद, कुळीथ, चवळी, तीळ आणि कारळा. पाऊस कमी झाला तर एक जगायचं, जास्त झाला तर दुसरं. जिऊबाईची चूल काही विझायची नाही.

मग एक दिवस दवंडी आली. मेहुण्याचा पहिला हुकूम, सगळ्यांनी राजवाड्यातला पांढरा भातच पेरायचा, जुनं बियाणं जाळायचं. का? तर कोठारात रंगीबेरंगी धान्य शोभत नाही! दुसरा हुकूम, बांध फोडा, झाडं तोडा, शेतं सरळ दिसली पाहिजेत. आणि तिसरा, शेणखत बंद, त्याला वास येतो. राजवाड्यातली पांढरी पूड टाका.

शिपायांनी गावाच्या चौकात बियाणं ओतलं आणि पेटवलं. तीळ तडतडायला लागले. जिऊबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

"अरे, माझ्या आजेसासूनं जपलेलं बी आहे हे! तुमच्या कारभाऱ्यानं आयुष्यात एक दाणा तरी पेरलाय का?"

शिपाई हसले. पण ते हसत होते ना, तेवढ्यात गावातल्या बायकांनी काय केलं? ढिगाच्या न पेटलेल्या कडेचं मूठमूठ बी हळूच उचललं आणि आपापल्या अंबाड्यात खोवलं. बायकांच्या केसांत कोण बघतो?

खोटं कशाला सांगू, पहिल्या वर्षी भात झकास आला. राजा हत्तीवर बसून मिरवला. दुसऱ्या वर्षी पाऊस कोसळला. बांध नव्हते, झाडं नव्हती. उतारावरची माती भळाभळा वाहून गेली. आणि एका सकाळी जिऊबाई बघते तर काय, रस्त्यावरून गांडुळं चाललीत! हजारो गांडुळं, आणि सगळ्यांत पुढं हातभर लांबीचं एक म्हातारं गांडूळ.

"अहो बाबा, निघालात कुठं?" जिऊबाईनं विचारलं.

"त्या पुडीनं तोंड भाजतं गं पोरी," म्हातारं गांडूळ म्हणालं. "जिथं भाजणार नाही तिथं जातो. शेण घालशील तेव्हा हाक मार."

मग तिसरं वर्ष आलं आणि भातावर कीड पडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पीक, किडीला काय, सगळीकडे पंगतच! आठ दिवसांत राज्य फस्त.

आणि राजा काय म्हणाला असेल? म्हणाला, "शेतकरी आळशी झालेत. ज्यांचं पिकलं नाही, त्यांची शेतं काढून घ्या!"

ऐकलंत ना? करायचं मेहुण्यानं आणि भोगायचं जिऊबाईनं. मला अजून राग येतो सांगताना.

जिऊबाई तडक दरबारात गेली. ओच्यात शेतातलं एक ढेकूळ घेतलं होतं, ते तिनं सिंहासनापुढं आपटलं. फुटलंच नाही. दगडासारखं टणकन वाजलं.

"महाराज, ही माझी माती. तीन वर्षांपूर्वी चिमटीत भुगा व्हायची. आळशी कोण, ते या ढेकळाला विचारा!"

मेहुणा चिडला. "बाई, एवढी हुशार आहेस, तर आमच्या हत्तींच्या मैदानात पिकवून दाखव. नाही पिकलं, तर तुमच्या अख्ख्या गावाची शेतं जप्त."

"आणि पिकलं तर?"

"तर शेतं तुमची, हुकूमही तुमचे," राजा म्हणाला.

शंभर वर्षं हत्ती तुडवत होते ते मैदान. पहार मारली की ठिणगी उडायची. पण जिऊबाईनं पदर खोचला. माहुताकडून हत्तींचं शेण आणलं, रानातला पाला आणून पसरला, उताराला आडवे बांध घातले. मग जमिनीला तोंड लावून तिनं हाक मारली.

"बाबा, या हो! शेण घातलंय!"

पहिल्या हाकेला काही नाही. दुसऱ्या हाकेला काही नाही. तिसऱ्या हाकेला पायाखालची जमीन वळवळायला लागली. खालून गांडुळं आली, लाखानं आली! सात दिवसांत मैदान चाळणीसारखं भुसभुशीत. मग गावच्या बायकांनी अंबाडे सोडले. केसांतून बी पडलं, टपटप, टपटप.

त्या वर्षी पाऊस एकदा येऊन गेला आणि महिनाभर फिरकला नाही. राजाचा भात करपला. जिऊबाईचे उडीद गेले, तीळ गेले, राळाही गेला. तिला रडू आलं. पण नाचणी उभी राहिली, वरई उभी राहिली, कुळथानं तर नुसती जमीन झाकली. नऊतली सहा पिकं आली आणि अख्ख्या नगराला पुरली.

राजा ओशाळला. "जिऊबाई, आजपासून तू कारभारी."

"मला कशाला?" जिऊबाई फणकारली. "पुन्हा एकाच्याच डोक्यानं सगळं? महाराज, वर्षातून एकदा आमच्या बांधावर येऊन बसा, आणि ज्यांचे हात मातीत आहेत त्यांचं ऐका. आणि मेहुण्याला शेण वाहायला धाडून द्या."

मग राजा आला. बांधावर मांडी घालून बसला. एक बाई बोलली, दुसरी बोलली, म्हातारा गुराखी बोलला. दुपार कलली. राजा काहीतरी सांगायला उठला, तशी जिऊबाई म्हणाली, "बसा खाली. अजून आमच्या ठकूबाईचं व्हायचंय."

आणि राजा मुकाट्यानं बसला, बरं का. त्या वर्षापासून सगळ्यांच्या वावरात पुन्हा नऊ नऊ पिकं डोलायला लागली आणि सगळी पोटभर जेवायला लागली.

राजासुद्धा गप्प बसला, मग तुम्ही कोण एवढे मोठे? चला, मिटा डोळे.