डीव्हीआरला चढलेला ताप

"बाबा, गेली का हो ती?"

मठातला सेवेकरी विश्वंभर, त्याचा आवाज रडवेला झाला होता. आनंदगिरी बाबा मठातल्या चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरच्या डब्यावर हात ठेवून बसले होते. आतल्या हार्ड डिस्कवर बाबांची कित्येक वर्षांची प्रवचनं होती, आणि आज सकाळपासून डबा सारखा बंद पडत होता.

"गेली नाही. ताप चढलाय."

"पण मी कसूर केली नाही हो! रोज धूप दाखवतो. खंडेनवमीला हार घातला. धूळ बसू नये म्हणून तुमच्या सत्काराची शालसुद्धा पांघरलीय. अख्ख्या पंचक्रोशीत यंत्राची इतकी सेवा कुणी केली नसेल."

विश्वंभर भला माणूस. फक्त आपल्या सेवेचं कौतुक त्याला जरा जास्तच.

बाबांनी शाल बाजूला केली. डब्याच्या जाळीत धुपाची राख गच्च बसली होती.

"प्रवचनांची दुसरी प्रत?"

"नाही काढली. तुमचा शब्द कुणाच्याही हाती पडायचा..."

"बरं."

बाबांनी बटण बंद केलं. भिंत रंगवायच्या जुन्या ब्रशानं जाळी झाडली, डबा खिडकीपाशी ठेवला आणि स्वस्थ बसले. विश्वंभरला कुठलं बसवतंय!

"बाबा, एखादा मंत्र...?"

"वारा लागू दे."

...

बऱ्याच वेळानं बाबांनी बटण दाबलं. आत मंद घरघर सुरू झाली. पडद्यावर बाबा दिसले, बोलू लागले, आणि बोलतच राहिले. विश्वंभर रडता रडता हसला. त्याला इतका आनंद झाला की त्यानं आधी डब्याला नमस्कार केला, मग बाबांना.

"वाचली! आजच प्रती काढतो बाबा. मागेल त्याला देतो. पुन्हा म्हणून हिच्यावर काही पांघरणार नाही."

बाहेर ओट्यावर कुणीतरी खाकरलं.

"कोण आलंय रे?"

"गावातली माणसं. सकाळपासून बसलीत. मीच थोपवलंय, उगाच तुम्हाला त्रास नको."

असं म्हणत विश्वंभरनं बाबांच्या खांद्यावरून घसरलेली लोकरीची शाल वर ओढली आणि गळ्यापर्यंत नीट गुंडाळली.

बाबा त्याच्याकडे बघत राहिले... मग खदखदून हसले.

"दार उघड, विश्वंभरा. मलाही उकडतंय."