आठ जणांचं यर्ट

तंबू-राहुट्या आपापसांत बोलत, तेव्हाची गोष्ट. शिबिराच्या गाडीत एक तर यर्ट, म्हणजे मंगोलियातल्या भटक्यांचं मोठं तंबूघर, मावणार होतं, नाहीतर छोटे तंबू.

एक तंबू हसला, "आजोबा, तुम्हाला उभारायला आठ माणसं लागतात. मला एकटा माणूस पुरतो!"

लोकरीच्या गोल यर्टाला जुने दिवस आठवले. पूर्वी कुणी दोर ओढायचं, कुणी काठ्या धरायचं. छत चढेपर्यंत परक्यांना एकमेकांची नावं पाठ व्हायची.

त्या वर्षी तंबूच गेले. परतल्यावर शिबिर घेणाऱ्या हेमांगीताईंनी मुलांना विचारलं, "शेजारच्या तंबूत कोण होतं रे?"

कुणालाच सांगता येईना.

पुढच्या वर्षी ताईंनी यर्टाची धूळ झटकली. "चला, आठ जण या!"

अंगणात हसणं उसळलं. कोपऱ्यातला तोच तंबू म्हणाला, "आजोबा, मला उभारताना कुणी कधी हसलंच नाही."