पिंगळ्याची ढोली

त्या रानात ढोल्या थोड्या होत्या आणि पाखरं फार. जुनी झाडं पडली होती, नवी अजून पोकळ व्हायची होती. त्यामुळे कोणी ढोली सोडणार असं कळलं, की दुसऱ्या सकाळी त्या झाडाची एकही फांदी रिकामी नसे.

ढोली मागण्याची रीत ठरलेली होती. मागणाऱ्यानं आपल्या पंखातली पिसं द्यायची. किती, ते एकट्यानं दाराशी जाऊन मालकाच्या कानात सांगायचं. दुसऱ्यानं किती सांगितली ते कळत नसे, म्हणून प्रत्येक जण मनात धरल्यापेक्षा जास्तच सांगे. आत डोकावून भिंती पाहू म्हणणाऱ्याचं नाव मागं पडे. रांग लावणारा कावळा म्हणे, "बघून घ्यायची असेल तर पुढच्या वर्षी या. तोवर बघायलाही काही उरणार नाही."

म्हाताऱ्या पिंगळ्यानं आपली ढोली सोडायची ठरवली, तेव्हा साळुंकीचे अंडी घालायचे दिवस अगदी जवळ आले होते. चार ढोल्यांवरून ती रिकामी परतली होती. तिचा नवरा म्हणाला, "या खेपेला शेपूटच देऊन टाकू का?" ती हसली नाही.

पिंगळ्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. उडता येईल एवढी पिसं ठेवून बाकीची प्रत्येकानंच देऊ केली होती. तो म्हणाला, "पिसांवरून मला काही कळेना. उद्या या, आणि ही ढोली कशाला हवी ते एकेकानं सांगा. ज्याचं बोलणं मनाला भिडेल, त्याची ढोली."

दुसऱ्या दिवशी साळुंकी आधी होती आणि तिच्या मागं दयाळ. दयाळाच्या बायकोचेही दिवस भरले होते. खालच्या फांदीवर बसून तो आपलं बोलणं हळू आवाजात घोकत होता.

"आम्हाला मोठी जागा नको, आजोबा. दोन अंडी निवाऱ्याला राहतील एवढी पुरे. रोज पहाटे दारात गाऊ. तुम्ही कधी या वाटेनं आलात, तर तुमचं घर तुम्हाला हाक मारील."

साळुंकीला कोणाचंही बोलणं एकदा ऐकलं की जसंच्या तसं येई. त्यात तिचा दोष नव्हता. दाराशी पोचल्यावर मात्र आपलं काय सांगायचं होतं ते तिला आठवेना. तिनं दयाळाचं बोलणं सांगितलं, दयाळाच्याच गोडव्यानं. पिंगळ्याचे डोळे भरून आले.

मग दयाळ गेला आणि तेच बोलला. पिंगळ्याला वाटलं, यानं बाहेर उभं राहून चोरून ऐकलं. म्हाताऱ्याला कोणाला लाजवायला आवडत नसे. तो नुसता डोळे मिटून बसला.

ढोली साळुंकीला मिळाली. तिच्या अंड्यांतून पिलं निघाली. दयाळाच्या बायकोनं उघड्या बेचक्यात अंडी घातली, ती तिसऱ्या दिवशी सापानं नेली. कावळ्यानं ही बातमी आणली तेव्हा साळुंकी पिलांना भरवत होती. तिच्या चोचीतली अळी खाली पडली.

त्यानंतर ती पाण्यावर जायची वेळ बदलू लागली. दयाळाच्या झाडावरून जायला नको, म्हणून लांबून वळसा घेऊ लागली. पिलांना तिनं फार प्रेमानं वाढवलं, पण गाऊन कधी निजवलं नाही.

एके दिवशी दयाळच तिच्या दारी आला. अंगानं उतरला होता. म्हणाला, "ताई, लाज सोडून विचारायला आलोय. ओढ्यापलीकडे एक ढोली रिकामी होतेय. बायको पुन्हा अंडी घालील. माझं बोलणं त्या दिवशी फिकं पडलं. म्हाताऱ्यानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. तेव्हापासून मी गात नाही. तुम्ही काय बोललात ते मला शिकवाल का? तेवढं आलं, तर यंदा आमचीही सोय होईल."

साळुंकीनं त्याच्याकडे पाहिलं. आता सगळं सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं. चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. तिनं चोच उघडली.

"आम्हाला मोठी जागा नको, आजोबा," तिच्या गळ्यातून दयाळाचाच आवाज आला, "दोन अंडी निवाऱ्याला राहतील एवढी पुरे."

दयाळाची मान वर झाली. एवढं गोड कोण बोललं, आपल्या जातीचं कोण आलं, म्हणून तो मागं वळून फांद्या शोधू लागला.