राणीच्या खांडीवरचे धोंडे

आधी एक धोंडा उचला. लहान नको, मुठीत न मावणारा घ्या. नांदखारात पाऊल टाकणारा प्रत्येक जण समोरच्या त्या ढिगावर धोंडा मारतो आणि राणीला एक शिवी देतो. लग्न होऊन आलेली नवरीसुद्धा. देवळात जाणारे मारतात, आमच्यासारखे चर्चमध्ये जाणारेही मारतात. या एका बाबतीत गावात कधी भांडण झालेलं नाही.

फिरंग्यांच्या काळात इथे मैनावती नावाची राणी होती, असे सांगतात. राज्य म्हणजे खाडीकाठची थोडी गावं, आणि नवरा तरुणपणीच गेलेला. एका उधाणात बांध फुटला. बांध फुटतो त्या जागेला आम्ही खांड म्हणतो. त्या खांडीतून खारं पाणी आत शिरलं, उभं भात जळलं, विहिरी मचूळ झाल्या. मातीचा भराव भरतीबरोबर वाहून जाई. दगड हवा होता आणि दगडाची खाण पलीकडच्या डोंगरावर, फिरंगी कप्तानाच्या ताब्यात. राणीने बाप्तिस्मा घेतला तर दगड देतो, असं तो म्हणाला म्हणे.

तिने घेतला. मैनावतीची दोना कातारीना झाली. दगडांनी भरलेल्या होड्या काठाला लागल्या, रास पडली, पण गावातला एक माणूस कामाला येईना. बाटलेल्या बाईने आणलेला दगड, हात लावला तर विटाळ होईल. नवऱ्याला हिनेच विष घातलं, कप्तानाशी हिचं सूत होतं, हे सगळं लोकांना तेव्हाच आठवलं. जिभेला कशाचा विटाळ होत नाही.

तिच्यामागून काही घरं ख्रिस्ती झाली होती. ते आमचे पूर्वज. निदान त्यांनी तरी यायचं. पण राणीने काम सुरू करताना जुन्या सवयीने खाडीला नारळ दिला आणि पाद्री भडकला. आमच्या लोकांनी त्याची री ओढली. राणी ढोंगी आहे म्हणाले आणि घरी बसले.

मग ती आणि तिची दासी गोदू, दोघीच पाटीने दगड वाहू लागल्या. दोन बायकांनी खांड बुजते होय? पावसाळ्याच्या तोंडावर राणी तापाने गेली. पाद्र्याने दफनभूमीत जागा दिली नाही, गावाने मसणात येऊ दिलं नाही. गोदूने तिला खांडीतच पुरलं. कुणी अडवलं नाही, उलट सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

त्यानंतर येणारा-जाणारा तिच्या थडग्यावर धोंडा मारू लागला. धोंडे कुठले, तर त्याच राशीतले. वाहायला विटाळ होता, मारायला नव्हता. रास संपत गेली, खांडीत ढीग चढत गेला. पुढच्या मोठ्या उधाणाला लोक पोरंबाळं घेऊन टेकडीवर पळाले. पाणी आलं, ढिगावर आपटलं आणि मागे फिरलं.

तेव्हा गोदू बोलली. म्हणाली, "बाईसायबांनीच सांगितलं व्हतं मला. 'गोदू, ही मानसं माज्यासाटी धोंडा वाह्याची न्हाईत. पन मारतील खास. मला खांडीतच पूर.'"

ऐकून लोक शरमले. काही वर्षं धोंडे बंद झाले, बायका फुलं वाहू लागल्या. फुलं ओहोटीबरोबर गेली. ढीग खचू लागला, शेताच्या कडेला पुन्हा खार फुटला. मग पंचांनी ठरवलं की धोंडाच मारायचा. शिवी कशाला, असं कुणीतरी विचारलं म्हणे. तर शिवीशिवाय लोक धोंडा उचलत नाहीत, असं उत्तर मिळालं. खरंच होतं ते.

आजही या ढिगामागे गोडं पाणी आहे, भात पिकतं, आम्ही जेवतो. तिच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा होत नाही, देवळात दिवाही लागत नाही. मी इतकं सगळं जाणतो, तरी सकाळी इथून जाताना शिवी देऊनच मारतो.

मारा तुम्हीही. शिवी मी सांगत नाही, ती आपोआप सुचते.