हात ऊन आहे

वडजाई गावाबाहेरच्या माळावर ट्रेनिंग कॉलेजची दगडी इमारत आहे आणि तिच्या पाठीमागे चार खोल्यांची सरावशाळा. शिक्षक होऊ घातलेली मुलेमुली या सरावशाळेत पाठ घेऊन शिकवायला शिकतात. साडेचारला घंटा होते. इतर कुठल्याही शाळेत दुसरा ठोका पडायच्या आत दारात दप्तरांची झुंबड उडते. इथे कोणी हलत नाही. शिक्षक खुर्चीवर बसतो, उजवा हात टेबलावर ठेवतो आणि डोळे मिटतो. वर्गातले सर्वांत लहान मूल उठून टेबलापाशी जाते, तो हात आपल्या हातात धरते, जरा थांबते आणि वर्गाकडे वळून सांगते, "हात ऊन आहे." मग शिक्षक उठतो आणि त्याच्या मागोमाग वर्ग.

पाहुण्यांना हसू येते. पत्नीबरोबर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही आले होते. ती इथलीच विद्यार्थिनी. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला तिने मला हौसेने नेले होते. सरावशाळेच्या पायरीवर बसलेल्या अनसूयाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हसा, हसा. पहिल्यांदा सगळे हसतात. मग मी गोष्ट सांगते."

अनसूयाबाईंनी या सरावशाळेत तीस वर्षे शिकवले. आता ऐंशीच्या घरात आहेत. पाहुणे आले की त्यांनाच बोलावतात, कारण ही गोष्ट त्यांच्या आईच्या डोळ्यांदेखत घडली.

ते मंदीचे दिवस होते. सन तेहतीस असावे असे सांगतात. ज्वारीला भाव नव्हता, कापसाला गिऱ्हाईक नव्हते, आणि तालुक्यातल्या शाळा एकामागून एक बंद होत होत्या. तरीही कॉलेजात दरवर्षी पोरे येत. वसतिगृहात सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि पाणीदार आमटी मिळे. कित्येकांना घरी तेवढेही नव्हते.

कॉलेजचे प्रमुख होते चिंतामणराव पारखे. सगळे त्यांना पारखे मास्तर म्हणत. उंच, सरळ, घड्याळाच्या काट्यावर चालणारा माणूस. शिकाऊ मास्तरांना सरावशाळेतली पोरे जुमानत नसत. घंटा झाली की वाक्य अर्धे टाकून पळत. पारखे मास्तरांनी त्यावर एक नियम केला आणि दारावर काळ्या रंगात रंगवून घेतला: 'गुरुजी उठल्याशिवाय वर्ग उठत नाही.' पाठ संपल्यावर शिक्षकाने खुर्चीत बसायचे, वर्ग शांत होईपर्यंत थांबायचे आणि मग उठायचे. ज्याच्या वर्गात एकही मूल आधी उठणार नाही तो उत्तम शिक्षक, असे त्यांचे मोजमाप होते.

त्या मोजमापाला पहिल्यांदा उतरला ज्ञानू धायगुडे. धनगराचा पोर, अंगाने काटकुळा, आवाज खालचा. वसतिगृहातले सोबती त्याला छेडत.

"धायगुडे, मेंढरं अवघड का पोरं?"

"मेंढरांना घंटा कळत न्हाय," ज्ञानू म्हणे, "तेवढंच बरं असतं त्यांचं."

त्याचा शेवटचा पाठ बघायला पारखे मास्तर स्वतः मागच्या बाकावर बसले. घंटा झाली. ज्ञानू खुर्चीत बसला. चाळीस पोरांत एक पाटी वाजली नाही. ज्ञानूने मुद्दाम वेळ काढला, मास्तरांकडे पाहिले, आणि मग उठला. मास्तर त्या दिवशी जेवताना दोनदा हसले, असे सांगतात. ते हसल्याची नोंद लोकांनी ठेवावी इतकी ती गोष्ट दुर्मीळ होती.

त्या वर्षी बावीस जण पास झाले. नेमणूक चौघांना मिळाली. बाकीचे ट्रंका घेऊन व्हरांड्यात उभे होते. मास्तर त्यांना म्हणाले, "नेमणूक येईल तेव्हा येईल. तोवर जमेल तिथे शिकवा. सवय मोडू देऊ नका. आणि दर महिन्याला कॉलेजला पत्र टाका."

कॉलेजचे एक त्रैमासिक निघे. त्यात 'माजी विद्यार्थ्यांचा समाचार' असे सदर होते. कोण कुठे आहे, शाळेचा पट किती, प्रकृती कशी, एवढेच त्यात येई. ते मास्तर स्वतः लिहीत.

ज्ञानू गेला काळेखडीला. वडजाईपासून सात कोस. तिथली शाळा बंद होऊन दारावर कुलूप लागले होते. गावकऱ्यांनी चावडीची पडवी झाडून दिली आणि सांगितले, "गुरुजी, द्यायला आमच्यापाशी काय न्हाई. सात घरं आहेत, सात वार वाटून घेतो. रोज एका घरी जेवा." ज्ञानू कबूल झाला. सोमवार पाटलांकडे, मंगळवार माळ्याकडे, असे वार लागले. गुरुवार होता अनसूयाबाईंच्या आईच्या घरी. आईचे नाव सुंदरा. ती तेव्हा सात वर्षांची, वर्गातली सर्वांत लहान. घरी ती आणि तिची आजी.

दिवाळीपर्यंत बरे चालले. सव्वीस मुले आली. ज्ञानूने पहिल्याच दिवशी त्यांना कॉलेजचा नियम सांगितला आणि मुलांना तो खेळासारखा आवडला. संध्याकाळी कोण जास्त गप्प बसते याची चुरस लागे.

मग विहिरी आटल्या. लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. आधी मंगळवारच्या घराला कडी लागली, मग शनिवारच्या, मग सोमवारच्या. जाणारे लोक लहान पोरे म्हाताऱ्यांपाशी ठेवून जात आणि जाताना सांगत, "गुरुजी, पोराकडं बघा." बाकीच्या घरांना वाटे, एक वार बुडाला तर दुसऱ्या घरी सोय झाली असेल. म्हणून कोणी विचारले नाही. आणि ज्ञानूने कोणाला सांगितले नाही. वार मागून घ्यायचा नसतो, असे त्याला वाटत असावे. माघ संपताना दोनच वार उरले होते, गुरुवार आणि रविवार. गुरुवारी सुंदरा भाकरी घेऊन पडवीत येई. गुरुजी ती मोडत आणि आधी ज्यांचे आईबाप खडीवर गेले होते त्यांना देत.

सुंदराने एकदा म्हटले, "गुरुजी, आजी म्हणती ही तुमची हाय."

"माझीच हाय. म्हणून तर वाटतो," गुरुजी म्हणाले. "आजीला सांग, गुरुजींचं पोट भरलं."

कॉलेजला पत्र दर महिन्याला जात होते. पोस्टकार्डावर स्वच्छ अक्षरात तेच: पट सव्वीस, शाळा नियमित, प्रकृती खुशाल. पट शेवटपर्यंत सव्वीसच होता, हे खरे. माघातल्या पत्रात मात्र खाली एक ओळ जास्त होती: 'वार लावून शिकवणाऱ्याने कमीत कमी किती वारांवर भागवावे, याविषयी काही नियम आहे काय?'

पारखे मास्तरांनी ती ओळ शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवली. त्यांना वाटले, धायगुडे थट्टा शिकला. सगळे हसले. समाचारात ती ओळ छापली नाही, कारण त्या सदरात तिची जागा नव्हती. छापले ते एवढेच: 'ज्ञानू धायगुडे, काळेखडी. पट सव्वीस. खुशाल.'

फाल्गुनात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. बिनपगारी शाळा चालवणाऱ्या ज्ञानूचा तिथे सत्कार करायचा, असे मास्तरांनी ठरवले. ते त्याला आणायला स्वतः निघाले. काखेत त्रैमासिकाचा नवा अंक आणि सत्कारात बांधायचा जरीकाठी रुमाल. सडकेपर्यंत मोटारीने आले आणि पुढचे दोन कोस चालले. काळेखडीत पोचले तेव्हा घड्याळात साडेसहा वाजत आले होते. गावात कुत्रीसुद्धा थोडी. बहुतेक दारांना बाहेरून कड्या.

पडवीत मात्र शाळा भरलेली होती. सव्वीस मुले मांडीवर पाट्या घेऊन ताठ बसली होती. समोर भिंतीला पाठ लावून, पाटावर गुरुजी. मान जरा खाली, उजवा हात मांडीवर. कोणी बोलत नव्हते, कोणी वळून पाहिले नाही.

शाळा सुटायची वेळ होऊन दोन तास झाले होते. पारखे मास्तर खांबापाशी उभे राहिले आणि बघत राहिले. आपला नियम सात कोसांवर, चावडीच्या पडवीत, असा पाळला जातो आहे हे पाहून त्यांना भरून आले. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते पुढे स्वतः सांगत, "मी उभा राहून कौतुक करत होतो."

तेवढ्यात पुढच्या ओळीतली सुंदरा उठली. मास्तर ओरडले नाहीत, पण आवाजात जरब होती.

"बस खाली. गुरुजी उठलेत का?"

"न्हाई," सुंदरा म्हणाली.

"मग वर्ग उठतो का?"

"न्हाई." ती बसली नाही. म्हणाली, "मी मघाशी पण उठले होते. गुरुजींच्या हाताला हात लावला. गार लागला. पण गुरुजी उठले न्हाईत, म्हणून परत बसले."

मास्तर जोडे न काढता पडवीत चढले.

लोक ही गोष्ट वाढवून सांगतात. मुले तीन दिवस तीन रात्री तशीच बसून होती म्हणे. सापाने येऊन गुरुजींवर फणा धरला होता म्हणे. अनसूयाबाईंपुढे कोणी असे म्हटले की त्या हात वर करून थांबवतात. "आई सांगायची, दोन तास. शेवटची कित्ता गिरवायची पाटी दिली, गुरुजी टेकून बसले, ते बसलेच. दोन तास काय थोडे असतात?"

मास्तरांनी सत्काराचा रुमाल उलगडून ज्ञानूवर पांघरला. मग मुलांना सांगितले, "उठा. घरी जा." एकही मूल उठेना. ते त्यांचे गुरुजी नव्हते. मास्तरांनी दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा हात जोडून सांगितले, आणि मुले बसून राहिली. शेवटी सुंदराची आजी आली. तिने पडवीत पाहिले आणि काय ते ओळखले. तिने मास्तरांना विचारले, "तुम्ही कोण?"

"मी यांचा मास्तर."

"मग खाली वाका," म्हातारी म्हणाली. "उचला त्याला. तो उठला म्हंजी पोरं उठतील."

पारखे मास्तरांनी ज्ञानूला दोन्ही हातांवर उचलून उभे केले. तो फार हलका होता. तेव्हा सव्वीस मुले उठली.

मेळाव्याला सत्कार झाला नाही. मास्तरांनी उभे राहून माघातले पोस्टकार्ड पूर्ण वाचले, खालच्या ओळीसकट, आणि म्हणाले, "प्रश्न विचारला होता. मी हसलो." दुसऱ्या दिवशी त्यांनी दारावरचा नियम चुन्याने पुसून घेतला. संध्याकाळी सरावशाळेतल्या सर्वांत लहान मुलाला जवळ बोलावले आणि टेबलावर हात ठेवून सांगितले, "उठण्याआधी बघ, मी आहे का." निवृत्त होईपर्यंत त्यांनी हे रोज केले. काही लोक म्हणत, मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यांच्यानंतरच्यांनी ते मोडले नाही. पावसाळ्यात चुन्याखालून ती काळी अक्षरे पुन्हा दिसतात म्हणे. मला दिसली नाहीत.

समाचाराचे सदरही बदलले. तिथे 'खुशाल' हा शब्द पुन्हा छापला गेला नाही. पौष महिन्यात कॉलेजची मुले जोडीजोडीने माजी विद्यार्थ्यांच्या गावी जातात, त्यांचा हात हातात धरतात आणि येऊन लिहितात: भेटलो, हात ऊन. नुसत्या पत्रावर कोणाची बातमी घेत नाहीत. आणि जो गेला असेल त्याच्यापुढे एकच गोष्ट लिहितात, शेवटी हात धरायला कोणी होते की नाही. सदराची पहिली ओळ दरवर्षी तीच असते: 'ज्ञानू धायगुडे, काळेखडी. हात धरायला उशीर झाला.'

गेल्या पौषात दोन मुली आमच्या घरी आल्या होत्या. पत्नी अंथरुणावर होती. एकीने तिचा हात धरला आणि दुसरीला म्हणाली, "खूपच ऊन आहे गं." तिला त्या दिवशी ताप होता. मुलींनी लिहायचे ते लिहून नेले, आणि पत्नी किती तरी वेळ हसत होती.

या खेपेला मी तिची पुस्तके कॉलेजच्या वाचनालयाला द्यायला गेलो होतो. अनसूयाबाई पायरीवर होत्या. त्यांनी पुस्तकांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"कोणी होतं का?" त्यांनी विचारले.

"मी होतो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि शेजारची जागा हाताने झाडून दिली. पुस्तके मांडीवर ठेवून मी तिथे बसलो.

आजही वडजाईच्या माळावर साडेचारला घंटा होते. पायरीवरून वर्ग दिसतो. तरुण शिक्षिका डोळे मिटून बसलेली असते. जेमतेम टेबलाएवढे एक मूल तिचा हात धरून उभे राहते आणि घाई करत नाही. बाकीची मुले दप्तरे छातीशी धरून त्याच्या तोंडाकडे बघत असतात. ते बोलेपर्यंत कोणी श्वास मोठ्याने घेत नाही.