सगळ्या कामाची बंदूक

एका गावात एक भोळा मामा होता, आणि त्याच्यापायी त्याच्या बहिणीची झोप उडाली होती.

मामाचं नाव सोनबा. बहीण वसुधा. तिला दिलं होतं रानाकडेच्या गावात. तिला दोन मुलं, राघू आणि गोदी. त्या गावात रानडुकरं नाचणी खात आणि माकडं फणस, म्हणून घरोघरी बंदूक. रीत अशी, की भाच्यांची पहिली बंदूक मामाने द्यायची. मुलं मोठी होईपर्यंत ती भिंतीवर टांगायची, दसऱ्याला पुजायची. पण पहिला बार मामाच्या हातचा.

वसुधाला बंदुकीची भीती नव्हती. मामाची होती. "शिंक आली की तोंडावर हात धरावा," असं आईने लहानपणी सांगितलं, तर सोनबाने शेजाऱ्याच्या तोंडावर हात धरून शिंक दिली होती. त्यात सासूबाई परवा सहज म्हणाल्या, "मुलं मामाच्या वळणावर जातात हो." सहजच म्हणाल्या. तेव्हापासून वसुधा आढ्याकडे बघत पडायची. घरात बंदूक, आणि मुलं मामाच्या वळणावर.

बरं, मामाने बंदूक आणली नाही तर माहेरची शोभा. शेवटी तिने भावाला घरी बोलावून समोर बसवलं. ती शाळा शिकलेली, त्यामुळे सगळं नीट सांगितलं की सगळं नीट होतं, असा तिचा समज होता.

"दादा, घाईने घेऊ नकोस. नळी सरळ आहे का बघ. घोडा नीट चालतो का बघ. माशी जागेवर आहे का बघ. आणि एकच घ्यायची, तर सगळ्या कामाला चालेल अशी घे."

सोनबा म्हणाला, "बरं. तसंच."

संध्याकाळी तो एक तट्टू ओढत आला. अगदी हळूहळू.

"दादा, हे काय?"

"हळू बोल, माशी उडेल. कानावर बसलीय, बाजारापासून हलली नाही. पायांच्या चारही नळ्या सरळ आहेत. घोडा झकास चालतो. आणि कामाला म्हणशील तर ओझं वाहील, टांगा ओढेल."

वसुधाने कपाळाला हात लावला. "अरे, बंदुकीचा घोडा! बंदुकीची माशी, नेम धरायची! आणि दोरी लावून ओढत काय आणतोस? खांद्यावर टाकून आणायचं असतं."

सोनबा म्हणाला, "बरं. यापुढे तसंच."

दुसऱ्या दिवशी तट्टू परत करायला निघाला, तो खांद्यावर टाकून. पुढचे दोन पाय याच्या खांद्यावर, मागच्या दोन पायांवर तट्टू चालतंय. बाजारातली माणसं हसून हसून खाली बसली. घोडेवाल्याने मुकाट तट्टू ठेवून घेतलं आणि सोनबाला स्वतः बंदुकीच्या दुकानात पोचवलं.

"भाच्यांची पहिलीच आहे," सोनबा म्हणाला. "सगळ्या कामाची द्या."

दुकानदाराने दुनळी काढली. "ही घ्या. हलकी आहे. एका नळीत बारीक छर्रा, दुसरीत मोठा. पाखरं उठवा, डुक्कर पळवा, लग्नात बार काढा."

"हिच्यावर पापड भाजता येतात?"

"नाही."

"मग सगळ्या कामाची कशी?"

दुकानदाराने पाणी मागवलं, प्यायला, आणि म्हणाला, "एक ध्यानात ठेवा. रिकामी असली, तरी ही भरलेलीच आहे असं समजून न्यायची."

"बरं. तसंच."

सोनबा बंदूक उभी धरून, भरल्या घागरीसारखी सांभाळत, पावलापावलाने घरी आला. वसुधा धावत पुढे झाली तर म्हणाला, "धक्का नको देऊस, हिंदकळेल."

तिला हसावं की रडावं कळेना. पण बंदूक खरी होती, आणि नळ्या आभाळाकडे होत्या. तिला वाटलं, जमतंय की. आता एवढं एकच सांगून टाकावं. सांगायची हौस, दुसरं काय.

"दादा, ही हातात असली की तोंड माणसांकडे करायचं नाही."

"बरं. यापुढे तसंच."

सोनबाने बंदूक काखेत मारली, नळ्या पाठीमागे. एवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. "काय सोनबा, बरे आहात ना?"

सोनबाने झटकन तोंड फिरवलं आणि भिंतीला सांगितलं, "बरा आहे, मावशी." काखेतली बंदूक त्याच्याबरोबर फिरली आणि दोन्ही नळ्या सासूबाईंकडे बघू लागल्या. सासूबाई रांजणामागे बसल्या.

"ही कुठली रीत गं तुमच्याकडची?" रांजणामागून आवाज आला.

वसुधाने बंदूक काढून घेतली.

दसरा आला. बंदुकीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. सगळी माणसं घरात, मामा एकटा अंगणात, तोंड मोकळ्या डोंगराकडे. वसुधा दारातून म्हणाली, "दादा, नेम धरल्याशिवाय घोडा ओढू नकोस."

सोनबाने डोळे मिटले. ओठ पुटपुटले.

"धरलास नेम?"

"धरला."

"पक्का?"

"मरेपर्यंत," सोनबा म्हणाला, आणि डोळे मिटूनच बहिणीकडे वळता वळता बार काढला.

अंगणाच्या कडेला, आंब्याखालच्या चुलीवर बासुंदीचं पातेलं होतं. ते शंभर भोकांनी गळायला लागलं.

"दादा, नेम धरला होतास ना?"

"धरला ना. आजपासून वांगं खाणार नाही." मग त्याने पातेल्याकडे पाहिलं. "बघ, चाळणीसुद्धा करते. दुकानदार खोटं नव्हता बोलत."

सासूबाई बाहेर येऊन पातेल्यात डोकावल्या. मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की वसुधाला वाटलं माहेर वाचलं. तिने दोन्ही नळ्या रिकाम्या केल्या, उरलेली काडतुसं नेऊन धान्याच्या कणगीच्या तळाशी पुरली, आणि बंदूक भावाच्या हातात देऊन शेवटचं सांगितलं. शब्द तोलून, मापून.

"दादा, मुलांचा हात पोचणार नाही अशी व्यवस्था कर. मग जेवायला ये."

"बरं. तसंच."

पानं वाढली. सोनबा येऊन बसला. वसुधाने माजघरात डोकावलं, तर बंदूक जमिनीवर आडवी, झेंडूच्या माळेसकट. माळ्याची शिडी काढून भिंतीला टेकवलेली. मुलं कुठेच दिसेनात.

"राघू! गोदी!"

वरून, माळ्याच्या काठावरून, दोन डोकी पुढे आली.

"आई, ओरडू नकोस," राघू म्हणाला. "मामाचं बरोबर आहे. आम्ही पालथं पडूनसुद्धा बघितलं, इथून हात नाही पोचत."